जेथे दूध मुक्कामाला राहते

कल्याणच्या पुढे लोहमार्ग प्रथम जेथवर आला ते स्थानक वाशिंद होय. १ ऑक्टोबर १८५५ रोजी कल्याण-वाशिंद हा टप्पा वाहतुकीस खुला झाला आणि पुढील आसनगावचा टप्पा ६ फेब्रुवारी १८६० रोजी सुरू होईपर्यंत, म्हणजे चार वर्षांहून अधिक काळ, या मार्गाने घाटावर जाणाऱ्या माणसाला आणि मालाला आगगाडीतून येथेच उतरावे लागे. शहापूर व मुरबाड या दोन तालुक्यांतील दुधाचे आणि गवताचे भवितव्य या एका घटनेने ठरवून टाकले, असे माझे मत आहे. आणि स्पेनच्या ग्रामीण मुलखात चीज कसे तयार होते ते पाहावयास व चाखावयास निघालेल्या मराठी प्रवाशाने कोणते स्थळ निवडावे, केव्हा जावे आणि तेथे काय विचारावे, याचा ऊहापोह मला प्रस्तुत लेखात करावयाचा असला, तरी त्याचा आरंभ वाशिंदच्या फलाटावरून करणे मला अगत्याचे वाटते.

पहाटेच्या अंधारात या फलाटावर उभे राहिले म्हणजे दुधाच्या किटल्यांचा खणखणाट प्रथम कानी येतो. धार काढून तास-दोन तास झालेले दूध, किटलीच्या तोंडाशी भाताच्या पेंढ्याची चुंबळ किंवा फडके कोंबलेले, मालडब्यात रचले जाते. जागा अपुरी पडली तर आकड्यांनी खिडकीच्या गजांना टांगले जाते, आणि मुंबईच्या चाळी-सदनिकांतून चहाचे आधण चढावयाच्या वेळेला ते गिऱ्हाइकाच्या पातेल्यात पडते. दुधामागोमाग येथील गवतही गेले. शहापूर-मुरबाडच्या माळरानांवरचे गवत दसरा-दिवाळीनंतर कापून, गठ्ठे बांधून मुंबईच्या तबेल्यांकडे रवाना करण्याचा व्यापार पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. तानसेचे पाणी तर १८९२ पासून मुंबईच्या नळांतून वाहतेच आहे. जे दूध उजाडण्यापूर्वी रोख पैशांत विकले जाते, ते टिकविण्याची विद्या शोधून काढण्याचे प्रयोजन कोणास पडावे? शिल्लक राहिलेल्या दुधाची सोय दही, लोणी आणि तूप यांनी उत्तम लावली, सणासुदीला पंचात टांगलेल्या चक्क्याने लावली, गाय व्याली म्हणजे चिकाच्या खरवसाने लावली. महिनोन्‌महिने मुरवून ठेवावयाचा पदार्थ मात्र येथे निर्माण झाला नाही.

चीज ही वस्तू दूरत्वातून जन्मास येते. बाजार दूर, रस्ता बिकट, दूध वर्षातील काही महिनेच मुबलक, अशी जेथे स्थिती होती तेथेच दुधाला घट्ट करून, दाबून, खारवून, मुरवून ठेवणे माणसाला भाग पडले. स्पेनचा इतिहास याची साक्ष देतो. कास्तीलचा राजा अल्फोन्सो दहावा याने १२७३ मध्ये मेंढपाळांच्या 'मेस्ता' नामक संघास सनद दिली. त्या सनदेनुसार उन्हाळ्यात उत्तरेच्या डोंगरांकडे आणि हिवाळ्यात दक्षिणेच्या मैदानांकडे कळप नेण्याच्या वाटा राजाज्ञेने संरक्षित झाल्या, चराईचे हक्क ठरले, जकातीचे नियम झाले, आणि १८३६ मध्ये हा संघ विसर्जित होईपर्यंत, साडेपाच शतकांहून अधिक काळ, ही व्यवस्था टिकली. त्या वाटा आजही कायद्याने सार्वजनिक मालकीच्या आहेत. १९९४ पासून दर वर्षी शरद ऋतूत मेंढ्यांचा कळप माद्रिद शहराच्या भर रस्त्यांतून नेण्यात येतो, आणि १४१८ मधील कराराला स्मरून, हजारी पन्नास मारावेदी हा जुन्या नाण्यांतील कर मेंढपाळ नगरपालिकेस समारंभपूर्वक अदा करतात. आपल्याकडील धनगरांचे वाडे दिवाळीनंतर घाट उतरून कोकणात येतात आणि पावसाळ्याच्या तोंडी परततात, हे ज्याने पाहिले आहे त्याला ही व्यवस्था परकी वाटणार नाही. मात्र त्यांच्या वाटांना अशी सनद लाभली नाही याची खंत वाटल्यावाचून राहणार नाही.

म्हणून निवडीचा पहिला प्रश्न स्थळाचा नसून ऋतूचा आहे. आपल्या मंडळींचा प्रवास बहुधा शाळांच्या सुट्टीवर बेतलेला असतो आणि प्रवासकंपन्यांच्या पत्रकांत 'चीजचा आस्वाद' ही ओळ बारमाही छापलेली असते; परंतु मेंढी बारमाही दूध देत नाही. उत्तरेकडील बास्क प्रांतात व नाव्हारात 'लाचा' जातीच्या लांब लोकरीच्या मेंढ्यांच्या कच्च्या दुधापासून 'इदियाझाबाल' चीज करतात. ही मेंढी साधारणपणे हिवाळ्यापासून उन्हाळ्याच्या आरंभापर्यंतच दुधावर असते, आणि पुढे कळप आरालारसारख्या डोंगरांवरील कुरणांत चरावयास जातात. ऑगस्टमध्ये तेथे जाणाऱ्यास फळ्यांवर मुरत ठेवलेले चीज दिसेल, धार काढताना किंवा दूध विरजताना दिसणार नाही. फेब्रुवारी ते मे या काळात जाणाऱ्यास दोन्ही दिसेल. या चीजला पूर्वी जो धुराचा वास लागे तो मुद्दाम आणलेला नसे. मेंढपाळांच्या डोंगरावरील झोपड्यांना धुराडे नव्हते, चीज चुलीच्या वरच्या बाजूस ठेवलेले असे, आणि ते आपोआप धुरावले जाई; आपल्या ठाकरवाड्यांत चुलीवरच्या माळ्यात बियाणे राखतात त्यातला हा प्रकार. आता हा धूर बीच किंवा चेरीच्या लाकडाने हेतुपुरस्सर देतात, आणि धूर न दिलेला प्रकारही मिळतो. ओर्दिझिया या गावचा बुधवारचा आठवडेबाजार या चीजसाठी नावाजलेला आहे. तो १५१२ पासूनच्या राजपरवान्याने भरतो, आणि सप्टेंबरात तेथे मेंढपाळांची चीजस्पर्धा होते.

मांचेगोची गोष्ट निराळी. प्रसिद्ध स्पॅनिश कादंबरीचा नायक दोन कीहोते (डॉन क्विक्झोट) ज्या पठारावर पवनचक्क्यांशी झुंजला ते ला मांचा हे कोरडे, उन्हाळ्यात होरपळणारे आणि थंडीत गोठणारे पठार. आल्बासेते, सिउदाद रेआल, क्वेंका आणि तोलेदो या चार प्रांतांत ते पसरले आहे. येथील 'मांचेगा' जातीच्या मेंढीच्याच दुधाचे, याच प्रदेशात तयार झालेले आणि ठरलेल्या मुदतीपर्यंत मुरलेले चीज 'मांचेगो' म्हणून विकता येते, असा नियम १९८४ पासून अमलात आहे. दीड किलोपर्यंतच्या लहान चकतीस किमान ३० दिवस, मोठीस ६० दिवस, आणि जास्तीत जास्त दोन वर्षे. या मेंढीच्या दुधात स्निग्धांश सुमारे सात टक्के असतो, म्हणून एक किलो चीजसाठी जेथे गाईचे सुमारे दहा लिटर दूध लागते तेथे मेंढीचे पाच लिटरच्या आसपास पुरते. आपल्या म्हशीचे दूधही सात टक्क्यांच्या घरातले असते हे येथे ध्यानात ठेवावे.

चीजशाळेत उभे राहून पाहावे असा क्षण दही कापण्याचा. दूध सुमारे तीस अंशांपर्यंत कोमट करून त्यात विरजणद्रव्य घातले की पाऊण तासात त्याचा थरथरता, अखंड, पांढरा गोळा होतो. मग तारांच्या चौकटी त्यातून उभ्या-आडव्या फिरवून त्याचे तुकडे तांदळाच्या दाण्याएवढे करतात, निवळी हिरवट-पिवळी होऊन वर येते, आणि दाणे तळाशी बसतात. ते साच्यांत भरून दाबतात. हे साचे पूर्वी एस्पार्तो नावाच्या चिवट गवताच्या विणलेल्या पट्ट्यांचे असत. त्या विणीची नागमोडी नक्षी चीजच्या कडेवर उमटे. आज साचे प्लास्टिकचे आहेत, परंतु नक्षी तीच राखली आहे. दाबण्यापूर्वी प्रत्येक चकतीत दुधातील केसीनचीच बनविलेली, क्रमांक घातलेली एक लहानशी चकती बसवितात, जेणेकरून नकली मालास आळा बसावा आणि प्रत्येक नगाची नोंद दफ्तरी राहावी. मार्गदर्शकाने ही चकती दाखवून तिचा अर्थ सांगितला, तर ती शाळा निवडण्याजोगी समजावी. केवळ दुकानात नेऊन द्राक्षासवाच्या पेल्यासह सहा तुकडे पुढे ठेवणारी वाडी सोडून द्यावी.

शाकाहारी वाचकांसाठी येथे थोडे विस्ताराने लिहिणे मला कर्तव्य वाटते, कारण प्रवासात ऐन वेळी लाजेकाजेस्तव हा प्रश्न विचारावयाचा राहून जातो. युरोपातील जुन्या पद्धतीच्या बहुतेक चीजमध्ये दूध घट्ट करण्यासाठी कोकराच्या किंवा वासराच्या जठरातील पाचकद्रव्य वापरतात. मांचेगोतही ते सर्रास असते. भारतात कारखान्यांत होणारे चीज बहुधा सूक्ष्मजीवजन्य द्रव्याने घट्ट केलेले असते व त्यावर हिरवी खूण असते, म्हणून आपल्याला हा भेद जाणवत नाही. परंतु स्पेनच्या पश्चिमेस, पोर्तुगालच्या सीमेलगत, एस्त्रेमादुरा नावाचा जो रुक्ष मुलूख आहे, तेथे शतकानुशतके एका काटेरी रानझाडाच्या वाळलेल्या जांभळ्या फुलांच्या तंतूंनी दूध विरजतात. कासेरेस प्रांतातील 'तोर्ता देल कासार' हे चीज असे होते. त्याचे कवच घट्ट असते आणि आतला गर इतका मऊ की वरचे झाकण कापून तो चमच्याने काढावा लागतो. चवीला किंचित कडवटपणा असतो, आणि तो त्या फुलांचा गुण होय. माझ्या मते शाकाहारी मराठी प्रवाशाने ला मांचाचा मोह आवरून प्रथम याच प्रांतात जावे. एप्रिलअखेरीस किंवा मेच्या आरंभी तेथील त्रुखियो गावाच्या चौकात देशभरच्या चीजचा मेळा भरतो. तो साधला तर उत्तमच. कोठेही गेलात तरी 'क्वाखो बेखेताल?' एवढे दोन शब्द विचारावेत. त्यांचा रोख वनस्पतिजन्य विरजणाकडे आहे हे चीज करणाऱ्यास तत्काळ कळते.

डोंगर चढण्याची हौस असणाऱ्यांनी आस्तुरियासमधील काब्रालेस पाहावे. येथे गाईचे दूध, कधी शेळी-मेंढीच्या दुधाच्या मिश्रणासह, घट्ट करून चुनखडीच्या नैसर्गिक गुहांत किमान दोन महिने ठेवतात. आर्द्रता नव्वद टक्के, उष्णता आठ ते बारा अंश, आणि गुहेतील बुरशी स्वतःच चीजमध्ये निळ्या रेषा पाडते. पाहुण्यांसाठी आरेनास दे काब्रालेस येथे एक गुहा खुली आहे. ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी येथे स्पर्धा व लिलाव होतो; २०२३ मध्ये विजेती चकती ३०,००० युरोंना गेली. ही चव उग्र असते, म्हणून चाखताना ती शेवटी घ्यावी. कोवळ्यापासून जुन्याकडे आणि सौम्याकडून तीव्राकडे जाणे हा सर्वत्र पाळला जाणारा दंडक आहे, आणि चीज शीतपेटीतून काढून तास-अर्धा तास बाहेर ठेवलेले असावे. सह्याद्रीतही गुहा आहेत, नाणेघाटाच्या माथ्यावरची सातवाहनांची लेणी तर मुरबाडच्या हद्दीपासून हाकेच्या अंतरावर आहे. दमटपणा आपल्याकडे आहेच, उणीव आहे ती बारा अंशांच्या थंडीची.

मग इकडे जवळपास काय पाहता येईल? वाशिंदहून मुरबाड, माळशेज घाट, ओतूर, आळेफाटा, नारायणगाव या वाटेने मंचर गाठता येते. १९९२ मध्ये तेथे सुरू झालेला पराग मिल्क फूड्सचा उद्योग आज भारतातील मोठ्या चीज-उत्पादकांत गणला जातो, आणि त्याच्याशी संलग्न भाग्यलक्ष्मी गोशाळा पाहावयास पर्यटक येतात. संथ फिरणाऱ्या वर्तुळाकार मंचावर गाय आपल्या पायांनी चढते, एक फेरा पूर्ण होईतो यंत्राने तिचे दूध काढून होते, आणि ती मागे सरून उतरते. गोपालनाची ही शिस्त मुलांना अवश्य दाखवावी अशी आहे. तथापि त्या गाई परदेशी होल्स्टीन जातीच्या आहेत आणि त्यांचे दूध ताजेच मुंबई-पुण्याच्या घरांकडे जाते. येथेही दूध मुक्कामाला राहात नाही. लहान प्रमाणावर, गोठा आणि चीजशाळा एकाच कुंपणात, असा प्रयोग पाहावयाचा तर नीलगिरीत कुन्नूरजवळ 'एकर्स वाइल्ड' येथे जावे. तेथे राहून चीज करावयास शिकताही येते.

मुंबईने मात्र एक गोष्ट करून दाखविली. २०२१ मधील जागतिक चीज स्पर्धा स्पेनमध्येच, आस्तुरियासची राजधानी ओव्हिएदो येथे भरली. अग्रमान मिळाला खाएन प्रांतातील ग्वार्रोमान या गावच्या ओलाविदिया या बकरीच्या दुधाच्या चीजला. आणि त्याच स्पर्धेत मुंबईच्या एलेफ्थेरिया या लहानशा संस्थेच्या 'ब्रूनोस्ट'ला रौप्यपदक मिळाले. ब्रूनोस्ट हा मूळचा नॉर्वेचा पदार्थ. चीज करून उरलेली निवळी तासन्‌तास आटवून, तिच्यातील साखर तपकिरी होईपर्यंत ढवळून तो करतात. यात थंड गुहा लागत नाही, महिनोन्‌महिने मुरविणे लागत नाही. मंद आच, जाड बुडाची कढई आणि न थकणारा हात लागतो.

शहापूर-मुरबाडमध्ये कृषिपर्यटनाची केंद्रे आता बरीच झाली आहेत, आणि राज्याचे कृषिपर्यटन धोरण २०२० पासून लागू आहे. तांदळाची भाकरी, बैलगाडीची फेरी आणि शेताच्या बांधावरचा फेरफटका एवढ्यावर तेथील पाहुणचार बहुधा संपतो. या मुलखाची स्वतःची म्हणावी अशी डांगी गाय आहे. काळ्या-पांढऱ्या किंवा तांबड्या ठिपक्यांची, कातडीतून तेलकट स्राव पाझरत असल्याने मुसळधार पावसात न हटणारी, कठीण काळ्या खुरांची. दूध ती बेताचेच देते. तिची प्रतिष्ठा बैलांमुळे, आणि पौष पौर्णिमेला म्हसा येथे म्हसोबाच्या यात्रेत जो जनावरांचा बाजार भरतो तेथे ती पाहता येते. पाहुण्यास आधी या गाईचा गोठा दाखवावा, मग तिचा खरवस, पंचातून नुकताच सोडलेला चक्का आणि घरी केलेले पनीर याच क्रमाने चाखावयास द्यावे, अशी तजवीज एखाद्या केंद्रचालकाने किंवा महिला बचत गटाने केली, तर तीस भांडवल फारसे लागणार नाही. पनीर केल्यावर जी निवळी आज मोरीत ओतली जाते ती म्हशीच्या दुधाची असेल तर अधिकच कसदार असते. ती ब्रूनोस्टसारखी आटविण्यास लागणारी कढई आणि उलथणे खवा करणाऱ्या प्रत्येक घरात आहे. आरंभी दहा लिटर निवळीचा घाणा घालावा, आच वाढू देऊ नये, आणि बुडाला लागू नये म्हणून शेवटचा तासभर कढईपासून हलू नये.