बालवाडीतला रोबोट: काय समजतो आणि खरं काय

नागपुरात नर्सरी-केजीच्या प्रवेशाच्या गप्पांत आता ‘रोबोटिक्स’ हा शब्द ऐकू येऊ लागला आहे. त्यावरून पालकांचे दोन तट पडतात. काहींना वाटतं, आत्ताच शिकवलं नाही तर लेकरू मागे पडेल. काहींना वाटतं, चार वर्षांच्या पोराच्या हाती यंत्र देणं म्हणजे त्याचं बालपण हिरावणं. दोन्ही धास्ती अनाठायी आहेत, कारण या वयाच्या वर्गात रोबोट म्हणजे नेमकं काय असतं, हेच बहुतेकांनी पाहिलेलं नसतं.

रोबोट म्हटलं की डोळे लुकलुकवत, बाईंच्या जागी उभा राहून बडबडगीतं म्हणणारा यंत्रमानव डोळ्यांपुढे येतो. बालवर्गातला रोबोट बहुधा जमिनीवर चालणारी छोटीशी गाडी असते. अनेक देशांतल्या शाळांत वापरला जाणारा ‘बी-बॉट’ घ्या. मधमाशीसारखा रंग आणि पाठीवर मोजकी बटणं: पुढे, मागे, डावीकडे वळ, उजवीकडे वळ, थांब, आधीचं पुस, निघ. एका सूचनेला तो १५ सेंटिमीटर सरकतो किंवा जागच्या जागी ९० अंशांत वळतो. शिकवण्याचं काम तो करत नाही, ते ताईंचंच राहतं.

मग मूल यातून शिकतं काय? १५ सेंटिमीटरच्या चौकोनांची चटई अंथरा आणि चौकोनांत झिरो माइल, महाराजबाग, फुटाळा तलाव, मेट्रो स्टेशन अशी चित्रं काढा. ताई म्हणतात, “हिला महाराजबागेत ने बरं.” मूल ‘डावीकडे’ आणि मग ‘निघ’ दाबतं आणि गाडी डावीकडच्या चौकोनात जाईल म्हणून वाट बघतं. ती नुसती वळून उभी राहते. वळणं वेगळं आणि पुढे जाणं वेगळं, हे तेव्हा मुलाला दिसतं. गाडीचं तोंड मुलाकडे असलं तर आणखी पंचाईत, कारण तिचं डावं म्हणजे मुलाचं उजवं. मग मुलं उठून तिच्या मागे जाऊन उभी राहतात, अंग वळवून बघतात. आणि ‘आधीचं पुस’ दाबायचं राहिलं तर गाडी पहिल्यांदा जुन्या सूचना पाळते, मग नव्या. मुलांना वाटतं, बिघडली! इथे ताईंनी उत्तर सांगून टाकू नये. “आपण हिला आधी काय सांगितलं होतं?” एवढंच विचारावं. मोजणी, दिशा, क्रम, अंदाज आणि आपली चूक आपणच शोधणं, हे सगळं त्या प्रश्नाच्या उत्तरात येतं. असा प्रश्न विचारायला वेळ नसेल, तर महागातला महाग रोबोटही निव्वळ चावीचं खेळणं ठरतो.

रोबोट आला म्हणजे टॅब आणि मोबाइल आलाच, हाही गैरसमज. अमेरिकेत मरीना बर्स यांच्या संशोधनातून तयार झालेला ‘किबो’ लाकडी ठोकळ्यांवर चालतो. मूल ठोकळे ओळीने जुळवतं, रोबोट त्यांवरचे बारकोड वाचतो आणि तसा चालतो. पडदा कुठेच लागत नाही. दोन ते चार वर्षांच्या मुलांना बैठा स्क्रीन दिवसात एका तासापेक्षा जास्त नको, हा जागतिक आरोग्य संघटनेचा २०१९ चा सल्ला त्यामुळे मोडत नाही.

हे काल-परवाचं फॅडही नाही. मुलांसाठीची ‘लोगो’ संगणकभाषा १९६७ मधली. पुढे १९७० च्या दशकात रेडिया पर्लमन यांनी अगदी लहान मुलांसाठी बटणं आणि कार्डं वापरून जमिनीवरचं यांत्रिक कासव चालवायची सोय केली. बर्स आणि सहकाऱ्यांनी २०१४ साली बालवर्गातल्या ५३ मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात मुलांना सोप्या सूचना क्रमाने लावता येत होत्या. पण यावरून मूल इंजिनिअर होणार असं कोणी सांगत असेल, तर तो दावा त्या अभ्यासाचा नव्हे.

मागे पडण्याची भीती मात्र साफ सोडून द्यावी. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात ३ ते ८ वर्षांचा टप्पा खेळातून शिकण्याचा आहे. कोडिंगचा उल्लेख येतो तो सहावीपासून पुढे. केंद्राच्या अटल टिंकरिंग लॅबही सहावी ते बारावीसाठीच आहेत. बालवाडीत रोबोट नसणं ही शाळेची उणीव नव्हे.

खर्चाचा प्रश्न खरा आहे, पण त्याला आपल्याकडे जुनं उत्तर आहे. माँटेसरीची साधनं गरिबांना परवडेनात, तेव्हा ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला शंख-शिंपले, बिया, खडे यांतून साधनं उभी केली. नागपूरच्या अपूर्व विज्ञान मेळाव्यातही मनपा शाळांची मुलं स्वस्त वस्तूंतून प्रयोग मांडत आली आहेत. अंगणवाडीत खडूने चौकोन आखा, एका मुलाला रोबोट करा, दुसऱ्याने बाणांची कार्डं ओळीने लावायची. सांगितलं तेवढंच करायचं, मनाचं काही नाही! चटईवरचं बहुतेक शिक्षण इथे फुकटात होतं, शिवाय अंगाला व्यायाम. मी तर म्हणेन, हा खेळ निदान काही महिने खेळल्याशिवाय कुठल्याही शाळेने यंत्र विकत घेऊच नये.

आणि घेतलंच, तर चार-पाच मुलांत एक पुरे. आपली पाळी येईपर्यंत थांबणं आणि दुसऱ्याचा बेत ऐकणं त्यातच येतं. फक्त मुलांच्याच हातात गाडी राहते आणि मुली कार्डं गोळा करतात, असं होऊ देऊ नका. खरेदीच्या वेळी बॅटरीचं झाकण स्क्रूने बंद होतं का, हे जरूर पाहा. स्वस्त खेळण्यांतला बटणासारखा चपटा सेल मुलाने गिळला, तर दोन तासांत अन्ननलिका गंभीर भाजू शकते. तशी नुसती शंका आली तरी वाट न बघता थेट हॉस्पिटल गाठा.