हुंड्यात मिळालेलं बेट, वर्षाला 10 पौंड भाडं! मुंबई इंग्रजांच्या हाती कशी गेली? समजून घ्या

मंत्रालयात काम निघालं की भंडारेकर वरठीहून विदर्भ एक्स्प्रेस पकडतात आणि सकाळी सीएसएमटीला उतरतात. तिथून चालत जाता येईल इतक्या अंतरावर एक जागा आहे. मुंबईची वसाहतकालीन कहाणी तिथूनच सुरू होते.

आधी बेट कुणाचं होतं?

मुंबई तेव्हा सात बेटांची होती: कुलाबा, छोटा कुलाबा, मुंबई, माझगाव, परळ, वरळी आणि माहीम. इथे कोळी, आगरी, भंडारी राहायचे. मासेमारी, मीठ, भात आणि ताडी यांवर त्यांचं पोट चालायचं. 1534 मध्ये गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने वसईच्या तहात हा मुलूख पोर्तुगीजांना दिला.

बेटावरचा डॉक्टर कोण?

गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य. मुंबई बेट त्याला भाडेपट्ट्याने मिळालं होतं. भारतातल्या औषधी वनस्पतींवरचं त्याचं पुस्तक 1563 मध्ये गोव्यात छापलं गेलं. तो मूळचा ज्यू कुटुंबातला. त्याच्या मृत्यूनंतर 1580 मध्ये गोव्याच्या धर्मन्यायालयाने त्याची हाडं उकरून जाळली.

हुंड्याचं प्रकरण काय?

पोर्तुगालला डचांविरुद्ध इंग्रजांची मदत हवी होती. म्हणून 1661 च्या करारात राजकन्या कॅथरीनच्या लग्नात मुंबई इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याला देण्याचं ठरलं. ताबा घ्यायला अब्राहम शिपमन सैनिक घेऊन 1662 मध्ये आला. पण 'मुंबई' म्हणजे नेमकी किती बेटं, यावरूनच वाद पेटला. पोर्तुगीज अधिकारी ताबा देईनात.

शिपमनची तुकडी गोव्याच्या दक्षिणेला अंजदीव बेटावर अडकली. सुमारे 400 सैनिकांपैकी बहुतेक जण आजारपणात दगावले. 1664 मध्ये शिपमनही गेला. शेवटी फेब्रुवारी 1665 मध्ये हम्फ्री कुकने उरलेल्या शंभरेक माणसांसह ताबा घेतला. इंग्रज मुंबईत बसले की भारत आपल्या हातून जाईल, असा इशारा पोर्तुगीज गव्हर्नरने आपल्या राजाला आधीच पत्रातून दिला होता.

मग 10 पौंड कुठून आले?

बेटाचं उत्पन्न कमी, खर्च जास्त. राजाला हे ओझं नको होतं. 27 मार्च 1668 च्या सनदेने त्याने मुंबई ईस्ट इंडिया कंपनीला दिली. भाडं होतं वर्षाला 10 पौंड.

बेटाचं शहर कुणी केलं?

1669 पासून गव्हर्नर असलेल्या जेराल्ड ऑन्जियरने पाया घातला. त्याने न्यायालय सुरू केलं, भंडाऱ्यांची शिबंदी उभारली आणि व्यापाऱ्यांना आपापला धर्म पाळण्याची हमी दिली. त्यामुळे गुजराती, पारशी, आर्मेनियन व्यापारी इथे आले. 1687 मध्ये कंपनीने आपलं मुख्य ठाणं सुरतेहून मुंबईला हलवलं.

पुढे भराव टाकून बेटं जोडली गेली. 1845 मध्ये माहीमचा पूल झाला. सरकारने पैसे द्यायला नकार दिल्यावर अवाबाई जमशेटजी जिजीभॉय यांनी 1 लाख 57 हजार रुपये दिले होते.

आपला काय संबंध?

1534 ते 1668 या काळात बेटाचे मालक तीनदा बदलले. इथल्या कोळी-भंडाऱ्यांना एकदाही कुणी विचारलं नाही. आपल्याकडेही पुढे तेच घडलं. तिसरे रघुजी भोसले वारले आणि वारस नसल्याचं कारण देऊन डलहौसीने 1854 पर्यंत नागपूरचं राज्य खालसा केलं. त्यात भंडाराही गेला. मुंबई भंडाऱ्याची राजधानी झाली ती 1 नोव्हेंबर 1956 ला, विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात आल्यावर.

आणि ती सीएसएमटीजवळची जागा? ओर्ताच्या वाड्याच्या जागी इंग्रजांनी किल्ला बांधला. आज तिथे नौदलाचं ठाणं आहे, नाव 'आयएनएस आंग्रे'. ज्या कान्होजी आंग्रेंनी कंपनीच्या जहाजांना सळो की पळो केलं, त्यांचंच हे नाव.