तपकिरी खाटीक

भिवंडी तालुक्यांतील अकलोली हें गांव तानसा नदीकांठच्या उन्हाळ्यांसाठीं, म्हणजे ऊन पाण्याच्या कुंडांसाठीं, प्रसिद्ध आहे. वज्रेश्वरीच्या दर्शनास आलेली मंडळी येथें स्नान करून परततात. आसपासच्या कांटेरी झुडपांकडे सहसा कोणाची दृष्टि वळत नाहीं. पण रानाच्या कडेची अशीच झुडुपें एका दूरदेशच्या पाहुण्यास फार प्रिय असतात. तो पाहुणा म्हणजे तपकिरी खाटीक.

आकारानें हा पक्षी साधारण बुलबुलाएवढा. पाठ तपकिरी, शेपटी तांबूस, पोट मळकट पांढरें. चोंचीपासून डोळ्यांवरून कानापर्यंत काळी पट्टी जाते व तिच्यावर पांढरी भिंवई उठून दिसते. अल्पवयी पक्ष्यांच्या कुशींवर बारीक आडव्या रेषा असतात.

सैबेरिया, मंगोलिया, ईशान्य चीन, कोरिया व जपान हें त्याचें विणीचें क्षेत्र. तेथील थंडी टाळण्यासाठीं तो दक्षिणेकडे निघतो आणि ऑगस्टअखेरीपासून भारतांत दिसूं लागतो. कांहीं पक्षी श्रीलंका व फिलिपाइन्सपर्यंतही जातात. आल्या आल्या प्रत्येक पक्षी आपली हद्द आंखून घेतो. त्यावरून तंटे होतात व कर्कश कलकलाट चालतो. पुढें मात्र तो एकटाच, निमूटपणें राहतो. एप्रिल-मेच्या सुमारास तो परत जातो आणि पुढील वर्षीं पुष्कळदां त्याच जागीं येतो.

'खाटीक' हें नांव त्यास का पडलें? लिनिअसनें १७५८ सालीं त्याचें शास्त्रीय नांव ठेवलें, त्यांतील 'लॅनियस' या लॅटिन शब्दाचा अर्थही खाटीक असाच आहे. उघड्या फांदीवर बसून तो नाकतोडे, सरडे व क्वचित् लहान पांखरें हेरतो. आंकड्यासारख्या चोंचीनें भक्ष्य मारतां येतें. पण त्याचे पाय ससाण्यासारखे बळकट नसल्यामुळें तें घट्ट धरून फाडतां येत नाहीं. म्हणून खाटीक जातीचे पक्षी भक्ष्य कांट्यावर टोंचतात व मग त्याचे लचके तोडतात. यांत क्रौर्य नाहीं. जें काम ससाण्याचें नख करतें, तें येथें कांटा करतो.

यावरून कांटेरी झुडुपाचें मोल ध्यानांत यावें. जमीन साफ करतांना तें निरुपयोगी म्हणून प्रथम तोडलें जातें आणि त्याच्या जागीं भिंत उभी राहते. मग हजारों मैल उडून आलेल्या पांखरास गेल्या वर्षींची बैठक सांपडत नाहीं. बांधावरची एखादी बोर वा करवंदीची जाळी राखली, तर धन्याचें कांहीं बिघडत नाहीं. पाहुण्याचा मात्र सारा हिंवाळा निभावतो.