झाडावरून पडलेल्याला एकदम उचलू नका

शेतकरी बंधूंनो, खत-बियाण्याचा विषय आज बाजूला ठेवू. मागच्या चिंचेच्या हंगामात आमच्याकडचा एक तरणा पोरगा फांदी मोडून खाली आला. चौघांनी हातापायाला धरून उचलला, मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून तालुक्याला नेला. कमरेखालचं अंग गेलं. पडल्यानं किती गेलं आणि उचलल्यानं किती, हे आता कोण सांगणार?

मणक्यांच्या पोकळीतून मज्जारज्जू जातो. मोडलेला मणका सरकला की तो चेपतो. म्हणून पडलेला माणूस 'पायाला मुंग्या आल्या, पाय हलत नाही' म्हणाला, तर त्याला बसवू नका, पाणी पाजायला मान उचलू नका. १०८ ला फोन लावा. हलवणं भागच असेल, तर मान, पाठ, कंबर एका रेषेत ठेवून सर्वांनी मिळून फळीवर घ्या. चोळून घ्यायला तर नेऊच नका.

खरी लढाई पुढे, अंथरुणावर. पूर्वी असे रोगी पाठीला पडलेल्या जखमांनी आणि लघवीच्या संसर्गाने दगावत. इंग्लंडात स्टोक मँडेविल येथे १९४४ साली डॉ. लुडविग गुटमन यांनी खास विभाग काढला. रात्रंदिवस दर दोन तासांनी कूस बदलायची, हा त्यांचा दंडक. आपल्या घरी बायामाणसांनाही जमेल असा. रोग्यांना त्यांनी कामाला आणि खेळायलाही लावलं. २९ जुलै १९४८ रोजी १६ जणांची तिरंदाजी झाली, पॅरालिंपिकचं मूळ ते. आपल्या सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून अधू झाले आणि १९७२ साली हायडेलबर्गला पोहण्यात सुवर्णपदक घेऊन आले.

लघवीसाठी ठराविक वेळाने स्वच्छ हातांनी नळी घालून काढण्याची रीत अमेरिकेत डॉ. लॅपिडिस यांनी १९७२ साली मांडली. डॉक्टरांकडून शिकून घ्या, मूत्रपिंडं वाचतात.

अलीकडे मज्जारज्जूला विजेची सूक्ष्म चेतना देऊन काहींनी आधाराने पावलं टाकली आहेत. पण तुटलेला मज्जारज्जू पूर्ववत जोडणारं औषध अजून नाही. तसं छातीठोक सांगणाऱ्यासाठी जमीन विकू नका.

सरपंच मंडळींनो, ग्रामपंचायतीच्या स्वउत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी असतो. त्या पोराच्या दाराशी अजून दोन पायऱ्याच आहेत. तो ओसरीवर बसून चिंचा फोडतो, मधूनमधून हातांवर जोर देऊन अंग उचलून धरतो. विसरला, तर त्याची आई आतून हाक मारते.