पक्षिनिरीक्षण सहल, त्रिनिदाद व टोबॅगोमधील

जाणकार वाटाड्याच्या सोबतीने थोड्या दिवसांत निरनिराळे अधिवास पाहून तेथील पक्ष्यांचा परिचय करून घेण्यासाठी काढलेली सहल. उष्ण कटिबंधात अशा सहलींसाठी कॅरिबियन समुद्राच्या दक्षिण कडेवरील त्रिनिदाद व टोबॅगो ही बेटे विशेष सोयीची आहेत. त्रिनिदादचे क्षेत्रफळ सु. ४,८०० चौ. किमी. असून व्हेनेझुएलाचा किनारा तेथून सु. ११ किमी. वर आहे. भूवैज्ञानिक दृष्ट्या अगदी अलीकडच्या काळापर्यंत हे बेट दक्षिण अमेरिका खंडास जोडलेले होते. त्यामुळे तेथील पक्षी बहुतांशी खंडावरचेच आहेत. दोन्ही बेटांवर मिळून साडेचारशेहून अधिक जातींची नोंद आहे. ॲमेझॉन खोऱ्याच्या मानाने ही संख्या अल्प होय; परंतु डोंगरातील वर्षावन, सॅव्हाना, दलदल व खारफुटी हे सर्व येथे तास-दोन तासांच्या अंतरावर येते आणि नवख्यास जातींच्या गर्दीत गोंधळून जावे लागत नाही.

सहलीचा आरंभ बहुधा नॉर्दर्न रेंज या डोंगररांगेतील आरिमा खोऱ्यात होतो. तेथील स्प्रिंग हिल या कॉफी-कोकोच्या जुन्या मळ्याचे १९६७ मध्ये ॲसा राइट निसर्गकेंद्रात रूपांतर झाले. शेजारच्या सिम्ला या संशोधन केंद्राची स्थापना विल्यम बीब या अमेरिकन प्राणिवैज्ञानिकांनी केली होती. डेव्हिड स्नो यांनी १९५७ नंतरच्या काही वर्षांत केलेला मॅनाकिन पक्ष्यांचा अभ्यास याच परिसरातला. मॅनाकिनाचे नर जमिनीचा लहानसा तुकडा पालापाचोळा काढून स्वच्छ करतात व त्यावर पंखांचा फटफट आवाज करीत माद्यांपुढे नाचतात. घंटापक्ष्याचा ऐरणीवर हातोडा पडावा तसा आवाज दूरवर ऐकू येतो. पक्षी मात्र वाटाड्याने दाखविल्यावाचून क्वचितच दिसतो.

याच मळ्यातील गुहेत तैलपक्ष्यांची वसाहत आहे. उडणाऱ्या पक्ष्यांत निशाचर व फलाहारी असा हा एकच. गुहेच्या अंधारात तो टकटक असे आवाज काढून त्यांच्या प्रतिध्वनींवरून वाट काढतो. वटवाघळाच्या आवाजाप्रमाणे हे आवाज माणसाच्या कानास अश्राव्य नसतात. ताड व तत्सम झाडांच्या तेलकट फळांवर वाढलेली पिल्ले आईबापांपेक्षाही जड होतात. पूर्वी त्यांची चरबी वितळवून तेल काढीत, त्यावरून हे नाव पडले. आलेक्झांडर फोन हंबोल्ट यांनी व्हेनेझुएलातील कारिपे येथील गुहेस १७९९ मध्ये भेट देऊन या पक्ष्याची माहिती जगापुढे आणली. गडबडीने पक्षी बिथरल्यास अंडी व पिल्ले कपारीवरून खाली पडतात. म्हणून थोड्याच लोकांना, मंद उजेडात व मुखाजवळूनच पाहू दिले जाते.

आरिपो सॅव्हानात मोरिचे ताडांवर लाल पोटाचे मकाव उतरतात. पूर्वेकडील नारिवा दलदलीतून निळा-पिवळा मकाव १९६० नंतरच्या दशकात नाहीसा झाला होता. पिल्ले विकण्यासाठी पकडली जात आणि त्यासाठी घरट्यांचे ताडही तोडले जात. १९९९ पासून गयानाहून पक्षी आणून तेथे सोडण्यात आले. सहलीत तो दिसला, तर वाटाड्या ही हकिकत सांगतोच.

कारोनी दलदलीतील संध्याकाळ हा सहलीचा सर्वांत प्रसिद्ध भाग. दुपारी उशिरा सपाट तळाच्या नावा खारफुटीच्या कालव्यांतून निघतात व मोकळ्या पाण्यात थांबतात. सूर्यास्तापूर्वी स्कार्लेट आयबिस थव्याथव्यांनी येऊन खारफुटीच्या बेटांवर रात्रीच्या मुक्कामास बसतात. भारतातील शराटीचा हा आप्त; खेकड्यांसारख्या कवचधारी प्राण्यांतील रंगद्रव्यांमुळे तो लालभडक होतो, पिल्ले मात्र तपकिरी असतात. येथील अनेक नावाडी १८४५ पासून करारबद्ध मजूर म्हणून आलेल्या भारतीयांचे वंशज आहेत. हा पक्षी राष्ट्रीय पक्षी असूनही मांसासाठी त्याची चोरटी शिकार होत आली. २०१८ मध्ये त्यास विशेष संरक्षण मिळून शिकारीस एक लाख स्थानिक डॉलर दंड व दोन वर्षांपर्यंत कैद अशी शिक्षा ठरली. तथापि कालव्यांच्या जाळ्यात रात्रीचा पहारा कठीणच असतो, आणि नावा फार जवळ नेल्यानेही पक्षी जागा सोडतात. तेव्हा अंतर राखण्यात नावाड्याचे स्वतःचे हित असते.

टोबॅगोवरील मेन रिज हे वन पाऊस टिकावा या हेतूने १७७६ मध्येच राखीव करण्यात आले. १९६३ च्या फ्लोरा वादळात त्याची मोठी हानी झाली. पांढऱ्या शेपटीचा सेबरविंग हा गुंजन पक्षी तेथून नष्ट झाला असेच समजले जात होते. १९७४ मध्ये तो पुन्हा आढळला. लिटल टोबॅगो या बेटावर १९०९ च्या सुमारास न्यू गिनी भागातून आणून सोडलेले स्वर्गपक्षी मात्र या वादळानंतर घटत जाऊन नाहीसे झाले. आता तेथील कड्यांवर लाल चोचीचे ट्रॉपिक पक्षी घरटी करतात, आणि फ्रिगेट पक्षी त्यांचा पाठलाग करून मासे हिसकावून घेतात.

त्रिनिदादखेरीज जगात कोठेही नसलेला पावी हा कोंबडीवर्गीय पक्षी शिकारीमुळे अत्यंत दुर्मिळ झाला आहे. तो पाहण्यासाठी पहाटेच नॉर्दर्न रेंजच्या पूर्व भागातील ग्रांद रिव्हिएर परिसरात जावे लागते. सहलींस जानेवारी ते मे हा कोरडा काळ सोयीचा असतो.