पडवीतले पेट्रोल : कमी तेवढे बरे

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले आणि पुढल्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते वादळ कोकण किनाऱ्याला झोडपून गेले. नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, आंब्या-फणसाची जुनी झाडे रस्त्यांवर आणि घरांवर कोसळली. हातकरवतीने जे काम दोन दिवसांत उरकत नाही, ते पेट्रोलवर चालणारी साखळीची करवत तासाभरात उरकते, हे तेव्हा अनेकांनी पाहिले. आपण सगळे जिला नुसते 'कटर' म्हणतो, ती ही करवत आता गावोगावी दिसते. बागायतदारांकडे ती असतेच, पण चार-पाच झाडांचे परसू असलेल्या घरांतही ती आली आहे.

या कटरने हातपाय कसे कापतात, याबद्दल लोक एकमेकांना सावध करतात. ते बरोबरच आहे. मात्र घरगुती कटर वर्षातून जेमतेम पाच-सात दिवस चालतो. उरलेले साडेतीनशे दिवस तो खुंटीला असतो आणि त्याच्याशेजारी पडवीत पेट्रोलचा कॅन असतो. कटरचा धोका कापतानापुरता, पेट्रोलचा धोका मात्र बारा महिने चोवीस तास. आजच्या लेखात त्या कॅनचाच विचार करू.

कोणते पेट्रोल, कोणते तेल?

बहुतेक कटरांचे इंजिन 'टू-स्ट्रोक' असते. त्यात वंगणासाठी वेगळे तेल नसते, म्हणून पेट्रोलमध्येच '२टी' तेल मिसळावे लागते. बऱ्याच कटरांना पन्नासास एक, म्हणजे एक लिटर पेट्रोलला २० मिलिलिटर तेल लागते. काहींना पंचवीसास एक, म्हणजे ४० मिलिलिटर लागते. आपल्या कटरचे प्रमाण त्याच्या माहितीपुस्तिकेत पाहावे, शेजाऱ्याच्या कटरवरून ठरवू नये. तेल कमी पडले तर इंजिन जाम होते. जास्त झाले तर निळा धूर निघतो आणि तो कापणाऱ्याच्या नाकातोंडात जातो. दमा असलेल्यांना तो विशेष बाधतो. अंदाजाने 'एक झाकण' तेल ओतण्यापेक्षा औषधाच्या बाटलीबरोबर मिळते तसे खुणांचे माप फक्त या कामासाठी वेगळे ठेवावे.

मोटारीचे इंजिन ऑइल किंवा रॉकेल यात मिसळू नये. साखळीवर गॅरेजमधले जळके ऑइल टाकण्याची पद्धत आहे, तीही सोडून द्यावी. साखळी वेगाने फिरताना त्या तेलाचे बारीक तुषार उडतात, ते श्वासात जातात आणि कातडीवर बसतात. वापरलेल्या इंजिन ऑइलमध्ये कर्करोगाला कारण ठरू शकणारे घटक असतात. साखळीचे तेल वेगळे मिळते, तेच वापरावे.

पेट्रोल शक्यतो भरपूर विक्री असलेल्या पंपावरून घ्यावे, म्हणजे ते ताजे असते. २०२३ सालापासून आपल्याकडे टप्प्याटप्प्याने २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल आले. अनेक कटरांच्या पुस्तिकांत मात्र १० टक्क्यांपर्यंतच इथेनॉल चालेल असे छापलेले असते. आपला कटर कोणत्या पेट्रोलसाठी बनवला आहे, हे विक्रेत्याला स्पष्ट विचारून घ्यावे.

जुने पेट्रोल का नको?

इथेनॉल हवेतला ओलावा शोषून घेते. आपल्याकडच्या पावसाळ्यात ओलाव्याला काय तोटा! कॅन अर्धा रिकामा आणि झाकण सैल असेल, तर आतल्या हवेतले बाष्प हळूहळू पेट्रोलमध्ये उतरते. पाण्याचे प्रमाण एका मर्यादेपलीकडे गेले की पाणी आणि इथेनॉल मिळून तळाशी वेगळा थर धरतात. २टी तेल वरच्या पेट्रोलमध्ये राहते आणि कटरची नळी तर टाकीच्या तळातून ओढते. म्हणजे इंजिनला वंगणाशिवायचे पाणीमिश्रित इंधन मिळते. शिवाय पेट्रोलमधला लवकर उडणारा भाग उडून गेला की मागे चिकट गाळ राहतो आणि कार्बुरेटरची बारीक भोके बुजतात.

हे इंजिनाचे दुखणे झाले, पण ते माणसाच्या अंगावर येते. कटर सुरू होत नाही म्हणून माणूस दोरी ओढून ओढून थकतो. मग प्लग काढून आत पेट्रोल ओततो, ते तापलेल्या इंजिनावर सांडते आणि भडका उडतो. म्हणून तेल मिसळलेले पेट्रोल महिन्याच्या आत संपवावे. काम संपल्यावर टाकीत उरलेले पेट्रोल कॅनमध्ये काढून घ्यावे आणि कटर आपोआप बंद पडेपर्यंत मोकळ्या अंगणात चालवावा, म्हणजे कार्बुरेटरही रिकामा होतो. बंद खोलीत किंवा गोठ्यात तो चालवू नये. त्याच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू असतो. त्याला वास नसतो, डोके दुखून चक्कर येते आणि माणूस बेशुद्ध पडतो.

पेट्रोल द्रव आहे, पण पेटते ती वाफ

रॉकेल पेटवायला वात लागते, पेट्रोलला तेवढीही गरज नसते. शून्याखाली ४० अंशांच्या आसपासच्या थंडीतही पेट्रोलची पेट घेणारी वाफ निघत असते. मग मे महिन्यात पत्र्याखालच्या पडवीत काय होत असेल? ही वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असल्याने वर उडून जात नाही. ती जमिनीलगत पसरते, उंबऱ्याखालून घरात शिरते आणि चूल, देवघरातली समई, गॅसची शेगडी किंवा फ्रीजच्या बटणातली ठिणगी यांपर्यंत पोहोचते. कॅन चुलीपासून दहा पावले दूर आहे, एवढ्याने निर्धास्त होऊ नये.

पेट्रोलचा वास कोंडलेल्या जागेत घेत राहिल्यास डोके दुखते, मळमळते, गुंगी येते. त्यात बेंझिन हा घटक असतो. आपल्या देशात १ फेब्रुवारी २००० पासून पेट्रोलमधले शिसे गेले आणि बेंझिनचे प्रमाणही आता कमाल एक टक्क्यावर आणले आहे, पण ते शून्य झालेले नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०२५ साली मोटारीच्या पेट्रोलचा समावेश माणसात कर्करोग निर्माण करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात केला. रक्ताचा एक प्रकारचा कर्करोग आणि मूत्राशयाचा कर्करोग यांच्याशी त्याचा संबंध आढळला आहे. एकदा वास आला म्हणून घाबरून जाऊ नये. पण ज्या खोलीत मुले झोपतात त्या खोलीत वर्षभर गळका कॅन असणे, ही काही एकदाची गोष्ट नव्हे.

काळे हात पेट्रोलने धुण्याची सवयही मोडावी. पेट्रोल कातडीतला स्निग्धांश काढून घेते. त्यामुळे कातडी कोरडी पडते, फुटते आणि खाज सुटते. त्याऐवजी आधी थोडे खोबरेल चोळावे आणि मग साबण व डाळीच्या पिठाने हात धुवावेत.

पाण्याची बाटली आणि रबरी नळी

सर्वांत जास्त घात करतात या दोन वस्तू. उरलेले पेट्रोल पाण्याच्या किंवा सरबताच्या रिकाम्या बाटलीत भरून कोनाड्यात ठेवतात. २टी तेल मिसळल्यावर ते रंगीत सरबतासारखेच दिसते. लहान मुलाला वास कळत नाही, बाटली तेवढी कळते. काळोखात तहानलेला मोठा माणूसही फसतो.

दुसरी वस्तू रबरी नळी. मोटारसायकलच्या टाकीतून पेट्रोल काढताना नळी तोंडाने ओढतात आणि एखादा घोट घशात जातो.

पेट्रोल पोटात गेल्यापेक्षा फुप्फुसात गेल्याने जास्त नुकसान होते. ते पाण्याहून पातळ असल्याने ठसका लागताच श्वासनलिकेत उतरते आणि तिथून फुप्फुसात पसरून दाह निर्माण करते. खोकला, धाप, ताप ही लक्षणे काही तासांनीही दिसू शकतात. म्हणूनच अशा वेळी उलटी करवू नये, हा नियम घरातल्या प्रत्येकाने पाठ करावा. घशात बोटे घालणे, मिठाचे पाणी पाजणे, दूध किंवा तूप देणे, यातले काहीही करू नये. उलटी होताना तेच पेट्रोल पुन्हा वर येते आणि छातीत जाते. तोंड पुसून काढावे, पेट्रोल लागलेले कपडे काढावेत. आपोआप उलटी होत असेल तर रुग्णाला पुढे वाकवून डोके खाली धरावे. मग १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी किंवा तडक रुग्णालय गाठावे. 'आता बरा दिसतो' म्हणून मुलाला घरी ठेवू नये. निदान सहा तास तरी डॉक्टरांच्या नजरेखाली राहणे आवश्यक असते. बाटलीही बरोबर न्यावी, म्हणजे पोटात काय गेले ते डॉक्टरांना कळते.

डोळ्यात पेट्रोल उडाल्यास डोळे न चोळता पंधरा-वीस मिनिटे स्वच्छ पाण्याने धुवावेत आणि डॉक्टरांना दाखवावेत. अंगावर भरपूर सांडल्यास विस्तवापासून दूर जावे, कपडे आधी पाण्याने भिजवावेत, मग उतरवावेत आणि अंग साबणाने धुवावे.

किती ठेवावे, कशात ठेवावे?

१९३४ च्या पेट्रोलियम कायद्यानुसार विक्रीसाठी नसलेले पेट्रोल ३० लिटरपर्यंत विनापरवाना बाळगता येते. पण त्यासाठी भांडे घट्ट बुचाचे आणि काचेचे, चिनीमातीचे किंवा धातूचे हवे. काचेचे वा चिनीमातीचे भांडे एक लिटरहून मोठे नको, धातूचे २५ लिटरहून मोठे नको. प्लॅस्टिकच्या बाटलीचे नाव त्या यादीत नाही. काच फुटण्याची भीती असते, म्हणून घरासाठी घट्ट झाकणाचा धातूचा छोटा कॅन उत्तम.

कायदा ३० लिटरची मुभा देतो म्हणून तेवढे भरून ठेवण्याचे कारण नाही. घरगुती कटरला एक लिटर पुष्कळ झाले. वादळाच्या रात्री पंप बंद असेल, मग काय करायचे, असे काही जण विचारतील. तहान लागल्यावर विहीर खणू नये, हे खरेच. त्यावर सोपा उपाय आहे. तेल न मिसळता साधे पेट्रोल एक लिटर ठेवावे आणि २टी तेलाची बंद बाटली वेगळी ठेवावी. गरज पडेल तेव्हाच लागेल तेवढे मिसळावे. कॅनवर तारीख लिहावी. महिना झाला की ते पेट्रोल आपल्याच स्कूटरमध्ये ओतून संपवावे आणि कॅन ताज्या पेट्रोलने भरावा. तेल मिसळलेले नसल्याने ते वाया जात नाही. ओतताना गाळणीचे नरसाळे वापरावे. नळी लागलीच तर हातपंपाची घ्यावी, ती थोड्या पैशांत मिळते.

कॅन राहत्या घरात, जिन्याखाली किंवा माळ्यावर नको. घरापासून वेगळ्या, सावलीच्या, हवेशीर आणि कुलपाच्या खोपटीत तो ठेवावा. कॅनवर ठळक अक्षरात 'पेट्रोल - विष' असे लिहावे. उष्णतेने पेट्रोल फुगते, म्हणून तो काठोकाठ भरू नये, वर थोडी जागा ठेवावी. एसटीत आणि रेल्वेत पेट्रोल नेण्यास बंदी आहे, ती मोडू नये.

कटरमध्ये पेट्रोल भरण्यापूर्वी इंजिन दहा मिनिटे थंड होऊ द्यावे. विडी-सिगारेट दूर ठेवावी. भरलेल्या जागेपासून निदान तीन मीटर दूर जाऊन मगच कटर सुरू करावा.

जुने पेट्रोल आणि पालापाचोळा

खराब झालेले पेट्रोल ओल्या पाल्यावर किंवा कचऱ्यावर ओतून काडी लावणे हा शुद्ध आत्मघात आहे. ओतून काडी ओढेपर्यंत वाफ पायापर्यंत पसरलेली असते आणि भडका काडी लावणाऱ्याच्याच अंगावर येतो. विहिरीजवळ किंवा गटारातही ते ओतू नये. बंद कॅनमधून ओळखीच्या गॅरेजवाल्याकडे नेऊन द्यावे.

भडका उडालाच तर पेट्रोलच्या आगीवर पाणी ओतू नये. पेट्रोल पाण्यावर तरंगते आणि आग पसरते. वाळू किंवा माती टाकावी. खोपटीजवळ वाळूची बादली कायम असावी. कपड्यांनी पेट घेतल्यास धावू नये, जमिनीवर लोळावे किंवा जाड सुती चादर वा घोंगडी गुंडाळावी. भाजलेल्या भागावर वीस मिनिटे साधे वाहते पाणी सोडावे. बर्फ, टूथपेस्ट, शाई, हळद यातले काही लावू नये. स्वच्छ कापड सैल झाकून दवाखान्यात न्यावे.

थोडक्यात लक्षात ठेवा

• साठा एक लिटर, धातूच्या कॅनमध्ये, राहत्या घराबाहेर, कुलपात.
• पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत कधीही नाही.
• तेल कामाच्या दिवशीच मिसळा. महिन्याने पेट्रोल बदला.
• नळी तोंडाने ओढू नका.
• पोटात गेल्यास उलटी करवू नका, १०८ ला फोन करा.

आज सायंकाळी दिवे लागण्यापूर्वी, उजेड असतानाच, आपल्या पडवीत, जिन्याखाली आणि कोनाड्यांत एकदा पाहून घ्या. वास येणारी एखादी बाटली सापडली तर ती उद्यावर टाकू नका.