केर कोणता, रांगोळी कोणती?

मैत्रिणींनो, परवा आमच्या वन्संच्या मुलानं पुण्याहून आईसाठी केर काढणारा रोबो पाठवला. ताटाएवढं गोल यंत्र. बटण दाबलं की पलंगाखाली शिरतं, भिंतीला टेकलं की वळतं आणि चार्जिंग संपत आलं की आपलं आपण जागेवर जाऊन बसतं. वन्संना कंबरदुखीमुळे वाकवत नाही. त्यांना केवढा आनंद! शेजारणींना बोलावून कौतुक दाखवलं. आणि सगळ्यांच्या देखत त्या पठ्ठ्यानं देव्हाऱ्यापुढची ताजी रांगोळी सफाचट केली!

आम्ही पोट धरून हसलो. पण घरी आल्यावर वाटलं, त्या बिचाऱ्याची काय चूक? केर कोणता आणि रांगोळी कोणती, हे त्याला कुठं कळतं?

‘रोबो’ हा शब्द आला तो एका नाटकातून. कारेल चापेक या झेक लेखकानं ते १९२० साली लिहिलं. झेक भाषेत ‘रोबोटा’ म्हणजे वेठबिगार. नाटकातले रोबो माणसांवर उलटतात. तेव्हापासून यंत्रमानव बंड करील, ही भीती आपल्या मनात बसली ती बसलीच.

कारखान्यात मात्र तो आला सेवक म्हणून. १९६१ साली अमेरिकेत न्यू जर्सीतल्या मोटार कारखान्यात ‘युनिमेट’ नावाचा यंत्रहात बसवला. साच्यातून निघणारे तापलेले धातूचे भाग उचलायचं काम त्याच्याकडे होतं. माणसाला भाजेल, इजा होईल, असं ते काम! आपल्या केरळातल्या तरुण इंजिनिअरांनी ‘बँडिकूट’ हा गटारं साफ करणारा रोबो बनवला आणि २०१८ साली तो तिरुअनंतपुरमला कामाला लागला. माणसाला संरक्षणाशिवाय गटारात उतरवायला २०१३ च्या कायद्यानं बंदी आहे. तरी आत गुदमरून गेलेल्यांच्या बातम्या येतातच ना? त्यांतल्या प्रत्येकाची घरी कुणीतरी वाट पाहत असतं. अशा कामाला रोबो आला, तर त्याला ओवाळूनच घ्यावं!

मग धोका कुठं आहे? रांगोळीतच आहे. जानेवारी १९७९ मध्ये मिशिगनमधल्या एका मोटार कारखान्यात एक कामगार सुटे भाग काढायला मांडणीवर चढला होता. यंत्राच्या हातानं त्याच्यावर आघात केला आणि तो जागीच गेला. यंत्र आपलं काम करतच राहिलं. त्यात राग नव्हता की बंड नव्हतं. वाटेत माणूस आहे, हेच त्याला कळलं नाही.

दुसरा धोका थेट आपल्या घरातला. पुष्कळशा केर काढणाऱ्या रोबोंना वाट शोधायला कॅमेरा असतो. परदेशात चाचणीसाठी काही घरांत दिलेल्या अशा यंत्रांनी टिपलेले फोटो बाहेर फुटले, हे २०२२ साली उघड झालं. त्यांत शौचालयात बसलेल्या एका बाईचाही फोटो होता. कॅमेऱ्याला लाज कुठली?

म्हणून रोबो घेताना दुकानदाराला स्पष्ट विचारा : कॅमेरा आहे का? फोटो कुठं साठतात? नसत्या परवानग्या देऊ नका, पासवर्ड बदला. न्हाणीघराचं दार बंद ठेवा. वायरी, पडद्यांचे गोंडे वर उचला. रांगतं मूल असेल, तर कुणी लक्ष द्यायला असतानाच यंत्र सुरू करा.

आणि एक गोष्ट राहिलीच. वन्संकडे अकरा वर्षं काम करणाऱ्या बाई दारात उभ्या राहून ते यंत्र बघत होत्या. हळूच म्हणाल्या, “ताई, मी उद्यापास्नं येऊ का नको?” आमचं हसू तिथंच थांबलं. वन्सं म्हणाल्या, “अहो, याला भाजी निवडता येते का? तुम्ही या.” केराऐवजी त्यांना स्वयंपाकघरातलं काम दिलं, पगार तोच ठेवला.

प्रत्येकीला हे जमेलच असं नाही. पण रोबो घरी आणण्याआधी तिचा विचार तरी करूया. तो विचार यंत्र करणार नाही, बरं का! केर त्याला खुशाल काढू द्या. काय जपायचं, ते मात्र आपणच ठरवायचं.